लॅपटॉप निवडताना सडपातळपणावर भाळू नका

पहिला लॅपटॉप घेताना तो किती सडपातळ आहे याला तुम्ही फार महत्त्व देऊ नये, असे मला वाटते. जाडी कमी करण्यासाठी कशाकशाला कात्री लागते, हे जाहिरातीत दिसत नाही: बऱ्याच मॉडेलांत रॅम (चालू कामासाठीची तात्पुरती मेमरी) मदरबोर्डवरच, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डवर, सोल्डर केलेली (डाग देऊन पक्की जोडलेली) असल्याने ती पुढे वाढवता येत नाही, बॅटरी चिकटवलेली असते, आणि पोर्ट इतके कमी उरतात की साधा पेनड्राइव्ह लावायलाही अडॅप्टर बाळगावा लागतो. ॲपलने २०१६ मध्ये मॅकबुक प्रोमधून काढून टाकलेले एचडीएमआय पोर्ट (टीव्ही किंवा प्रोजेक्टर जोडायचे) आणि कॅमेऱ्यातल्या एसडी कार्डचा स्लॉट २०२१ मध्ये परत आणले, यातच सगळे आले.

तेव्हा खरेदीपूर्वी त्या मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल (दुरुस्तीची पुस्तिका) मिळाल्यास ते उघडून रॅम आणि एसएसडी (फाइल साठवणारा भाग) बदलता येतात का, हे पाहावे. हवा आत घेणाऱ्या जाळ्या तळाशी असतील तर गादीवर ठेवल्यावर त्या झाकल्या जातात आणि तापमान वाढले की प्रोसेसर आपला वेग आपोआप कमी करतो, हेही ध्यानात घ्यावे. चकचकीत स्क्रीन मात्र, तिच्यावर उजेडाचे प्रतिबिंब पडत असल्याने, खिडकीजवळ बसून काम करणाऱ्याने घेऊच नये.