मापं बरोबर असूनही व्यक्तिशिल्पात माणूस का उतरत नाही?

तुम्ही विचारलंय, फोटोवरून एकूण एक माप घेतलं तरी अर्धपुतळ्यात तो माणूस का दिसत नाही. माझ्या मते तुम्ही आधी चेहरा केलात आणि मान नंतर जोडलीत.

माझ्याकडून हेच झालं होतं. शिकत असताना एका आजींचं व्यक्तिशिल्प करत होतो. तीन बैठकांत कॅलिपरनं, म्हणजे अंतर मोजायच्या चिमट्यानं, सगळं मोजून घेतलं, डोकं सरळ ताठ बसवलं. सर खूश. आजींनी मात्र मातीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ही माझी बहीण वाटते."

चौथ्या बैठकीत हत्यारं खाली ठेवून मी नुसता गप्पा मारत बसलो, तेव्हा दिसलं. आजींना डाव्या कानानं ऐकू येत नसे. मी बोलायला लागलो की उजवा कान पुढे यायचा, हनुवटी डावीकडे वळायची आणि उजवीकडचा स्नायू कानामागून गळ्याच्या खळीपर्यंत दोरीसारखा उठायचा. ओठ जरासे विलग. सबंध आयुष्य त्या अशाच ऐकत आल्या होत्या, आणि मी नेमकं तेच काढून टाकलं होतं!

सर म्हणाले, "बरोबर आलेलं मोडू नकोस." मी मोडलं. मातीला आधार देणारी आतली सळी वाकवली, मानेपाशी माती फाटली, एक कान गळून पडला. तो पुन्हा लावला, मान नव्यानं भरली. आजींनी पाहिलं आणि म्हणाल्या, "हां, आता ऐकतेय." सर शेवटपर्यंत याला योगायोग म्हणत राहिले.

योगायोग कसला? १६६५ मध्ये फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचा अर्धपुतळा करताना इटालियन शिल्पकार बर्निनीनं राजाला नुसतं समोर बसवून ठेवलं नाही. राजा हिंडताफिरताना, कामात असताना त्याची रेखाटनं केली. स्वभाव हालचालीतच सापडतो, हे मी त्या वर्गात सांगत होतो आणि आजही सांगेन.

मापं फेकून द्या असं मात्र नाही. फ्रेंच शिल्पकार उदोंनं १७८५ मध्ये अमेरिकेच्या जॉर्ज वॉशिंग्टनच्या चेहऱ्याचा साचा घेतला, मापंही घेतली. कवटी चुकली तर मान वळवून काही उपयोग नाही. शिवाय जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात, तेव्हा एकाच फोटोवरच्या मापांवर विसंबू नका.

तुमची व्यक्ती हयात नसेल तर घरच्यांना भेटा. कसे दिसायचे हे विचारू नका. कोणी हाक मारली की मान कशी वळवायचे, ते करून दाखवायला सांगा.