सगळं भात विकून पैसे मुदत ठेवीत टाकू का?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरात पाच माणसं, शेत पाच हजार चौरस मीटर, यंदा 18 क्विंटल भात झालं. ते सगळं विकून पैसे मुदत ठेवीत टाकायचे, रेशनवर भागवायचं आणि कमी पडतील ते उकडे तांदूळ दुकानातून 52 रुपयांनी आणायचे, असा त्यांचा विचार आहे.

ताई, सगळं विकू नका. केंद्राचा 2025-26 चा हमीभाव साध्या भाताला क्विंटलला 2369 रुपये आहे, म्हणजे 18 क्विंटलचे 42,642. रक्कम मोठी दिसते खरी. पण दीड किलो भाताचा साधारण किलोभर तांदूळ होतो. म्हणजे घरचा तांदूळ साडेपस्तीस रुपयांना, उकडणं आणि गिरण धरली तरी चाळिशीच्या आसपास पडतो. तोच तुम्ही 52 ला आणणार. किलोमागे 12 रुपयांचा हा खड्डा कुठल्याही ठेवीचं व्याज भरून काढणार नाही.

तुमचं रेशन कार्ड प्राधान्य गटातलं आहे, तेव्हा माणशी पाच किलोप्रमाणे महिन्याला 25 किलो धान्य मोफत मिळतं. ते जरूर घ्या, भाकरी-घावन त्यात निघतील. पण सासूबाईंना पेजेला उकडेच लागतात, असं तुम्हीच लिहिलंय. महिन्याला 35 किलो उकडे धरले तर वर्षाला 420 किलो तांदूळ, म्हणजे 630 किलो भात. बियाणं आणि आला-गेला धरून आठ क्विंटल घरात ठेवा. खरी ओढाताण आषाढ-श्रावणात होते: जुनं संपत आलेलं, नवं अजून शेतात आणि चवथीचा खर्च दारात. तेव्हा ठेव मोडून तांदूळ आणायची पाळी तुमच्यावर येऊ नये, एवढंच मला वाटतं.

उरलेले दहा क्विंटल विका, 23,690 येतील. त्यातून आधी पुढच्या हंगामाची नांगरणी आणि लावणीची मजुरी बाजूला काढा, मगच ठेव. पीएम-किसानचे वर्षाचे 6000 तीन हप्त्यांत येतात. एप्रिल-जुलैचा हप्ता खतासाठीच राखून ठेवा, घरखर्चात मिसळू देऊ नका. तरीही कमी पडलं तर सोनं गहाण टाकण्याआधी किसान क्रेडिट कार्डाचं बघा. पीककर्ज वेळेत फेडलं तर व्याज चार टक्क्यांवर येतं.

एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीवर, अजून सासऱ्यांचंच नाव आहे, असं तुम्ही म्हणता. विक्रीच्या गडबडीत ते राहून जाईल, म्हणून वारस नोंदणीचा अर्ज आणि कृषी खात्याकडचं शेतकऱ्याचं कृषी कार्ड याच महिन्यात मार्गी लावा.