मशीन रिबिल्ट घ्यावी की नवीन काढावी? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार दादा, मी विट्याजवळचा. माझ्याकडं 2016 ची बॅकहो (पुढं बकेट, मागं खोदायचा हात असलेली टायरची मशीन) आहे, आवरमीटर 11 हजार तासांच्या पुढं गेलाय. शेततळी, बांध, पाईपलाईनची चर असली कामं करतो, दर 1,100 रुपये तास, पावसाळ्याचे तीन महिने सोडले तर महिन्याला 110 तास भरतात. इंजिन आता बॅक कॉम्प्रेशन मारतंय (पिस्टनच्या बाजूनं गॅस खाली सुटतो) आणि बूमला, म्हणजे खोदायच्या हाताला, लूज आलाय. एक डीलर रिबिल्ट, म्हणजे जुनी खोलून पार्ट बदलून पुन्हा बांधलेली, मशीन 18 लाखाला देतो म्हणतोय, 8 लाख रोख आणि 10 लाख लोन. घरचे म्हणतात कर्जच काढायचं तर नवीनच काढ, 30 लाखाचं लोन होतंय. काय करू?

उत्तर : भाऊ, किंमत बाजूला ठेवा, आधी तास मोजा. 1,100 मधनं डिझेल काढा, बॅकहो तासाला साधारण पाच-साडेपाच लिटर पिते म्हणजे पाचशे तिथंच गेले, ऑपरेटरचा पगार-भत्ता शंभर धरा, ग्रीस-फिल्टर-ऑइलचे पन्नास, हातात राहिले 450. नऊ महिने 110 तासांनी वर्षाला साडेचार लाखाच्या आतच पैसे सुटतात. आता 30 लाखाचं लोन 10 टक्क्यांनी चार वर्षांसाठी घेतलं तर हप्ता 76 हजारांच्या आसपास बसतो, म्हणजे वर्षाला नऊ लाखाच्या वर. तो फेडायला चालू महिन्यात सव्वादोनशे तास लागतील, दुप्पट काम, आणि तेवढं काम तुमच्या हातात नाही हे तुम्हीच लिहिलंय. नवीन मशीन वाईट नाही, पण ती ज्याच्याकडं वर्षभर दोन शिफ्टचं काम बांधलेलं आहे त्याला परवडते, हायवेच्या सहापदरीकरणावर किंवा टेंभू-म्हैसाळच्या कालव्यांवर मोठ्या कंत्राटदाराकडं महिन्याच्या भाड्यानं लावायची असेल तर खुशाल काढा, तिथं मशीन बंद पडली की भाडं कापलं जातं म्हणून नवीनच बरी.

रिबिल्टचंही गणित सांगतो, कारण तेही सोपं नाही. जुन्या मशीनला व्याज जास्त लागतं, 14 टक्के आणि तीन वर्षं धरली तर 10 लाखाला 34 हजारांचा हप्ता, वर्षाला चार लाख दहा हजार. म्हणजे तुमचे सगळे पैसे बँकेत गेले, हायड्रॉलिक पंप बसला किंवा टायर फाटला तर खिशात काय राहिलं?

आणि मुळात रिबिल्ट म्हणजे काय ते नीट धरा. कॅटरपिलरसारख्या कंपन्या डोझर, मोठे लोडर खरोखर सांगाड्यापर्यंत खोलतात, ठरलेले पार्ट बदलतातच आणि वर कंपनीची वॉरंटी देतात, त्यांचा जुने पार्ट नव्यासारखे करून देण्याचा धंदा 1973 पासून चालू आहे. तिथं ते परवडतं कारण मोठ्या मशीनचा सांगाडाच लाखमोलाचा असतो. आपल्याकडं बॅकहोच्या बाजारात मात्र रिबिल्ट म्हणतात त्यात बऱ्याचदा पिवळा रंग, नवीन स्टिकर, सीट कव्हर आणि बकेटचे नवे दात एवढंच असतं. म्हणून डीलरला एकच विचारा, काय काय बदललं त्याची बिलं दाखव. लायनर-पिस्टन, बेअरिंग, पंपाची किट, किंगपोस्टचे (मागचा हात जिथं फिरतो त्या सांध्याचे) पिन-बुश, सगळ्याची बिलं पाहिजेत. बिलं नसतील तर ती जुनी मशीनच समजा आणि जुन्याचीच किंमत द्या.

माझं स्पष्ट मत सांगू? तुमची स्वतःचीच मशीन खोलून, झिजलेले पार्ट बदलून बांधून घ्या. तिचं ऑइल कधी बदललं, ती ब्रेकरवर (दगड फोडायच्या हातोड्यावर) किती चालली, बूम कुठं वेल्डिंग केलाय हे तुम्हाला माहीत आहे, डीलरच्या मशीनचं यातलं काहीच माहीत नाही, आणि जुन्या मशीनमध्ये पैसे बुडतात ते ह्या माहीत नसलेल्या गोष्टीतच. शिवाय रस्त्यावर चालणाऱ्या मशीनला एप्रिल 2021 पासून बीएस-4 आणि 1 जानेवारी 2025 पासून बीएस-5 हे धुराचे नियम लागू झालेत. नव्या इंजिनात सेन्सर वाढले, फॉल्ट आला की लॅपटॉपवाला माणूस येईपर्यंत थांबावं लागतं. तुमची 2016 ची साधी आहे, विट्यात-कराडात तिला हात घालणारे मिस्त्री भरपूर. आधी चासीला आणि बूमच्या मुळाला क्रॅक आहे का ते धुऊन बघा, रंगाखाली केसासारखी रेघ आणि तिच्यातनं गंजाचं पाणी आलेलं दिसतं. क्रॅक नसेल तर इंजिन, पंप आणि पिन-बुशचं मिळून एस्टिमेट घ्या. ते 18 लाखाच्या निम्म्याच्या आत बसलं तर दुसरा विचार करू नका, आणि काम पावसाळ्यात काढा म्हणजे सीझन बुडत नाही. घरच्यांना हे तासांचं गणित कागदावर मांडून दाखवा, त्यांची काळजी खरी आहे पण हप्ता दर महिन्याला येतो, काम येत नाही.

प्रश्न : सर, पलूसमधून लिहितोय. 20 टनी पोकलेन सेकंडहँड बघितलीय, मालक म्हणतो आत्ताच रिबिल्ट केलीय, खडी क्रशरवर चालत होती. बघताना काय बघू?

उत्तर : क्रशरवर होती म्हणजे ब्रेकर मारलाय का ते पहिलं विचारा. आपल्या काळ्या कातळात ब्रेकर मारलेली मशीन तासांपेक्षा लवकर म्हातारी होते, पंप आणि बूमचे पिन-बुश दोन्ही मार खातात. सकाळी थंड मशीन चालवून सौदा करू नका, दोन तास खरं काम करायला लावा, हायड्रॉलिक ऑइल तापलं की मगच पंप उघडा पडतो, बूम हळू उठायला लागतो. मग बकेट भरून बूम वर धरा, इंजिन बंद करा आणि बघत थांबा, भराभर खाली बसायला लागला तर सिलिंडरचे सील नाहीतर वॉल्व्ह गेलेत. खाली वाकून चेन बघा, स्प्रॉकेटचे (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाचे) दात टोकदार झाले असतील तर चेन, रोलर, आयडलर असा सगळा सेट येतो आणि चेनमशीनच्या देखभालीतला जवळजवळ निम्मा खर्च ह्या खालच्या भागावरच होतो.

तुमच्या भागात अजून एक गोष्ट मी आवर्जून बघीन. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या महापुरात कृष्णाकाठी बऱ्याच मशीन पाण्याखाली गेल्या होत्या. वरनं धुतलेली कळत नाही, पण सीटखालचं पत्र्याचं झाकण काढा, फ्यूज बॉक्समागं बोट फिरवा, वायरिंगचा एखादा कनेक्टर सोडवून बघा. आत बारीक पोयटा किंवा पिनेवर हिरवट थर दिसला तर मालकाला नमस्कार करा आणि गाडीत बसा, कितीही स्वस्त दिली तरी वायरिंगचं दुखणं वर्षानुवर्षं निघत राहतं. सगळं बरं निघालं तर इंजिन आणि हायड्रॉलिक ऑइलचा नमुना लॅबला पाठवा, त्यात लोखंड-तांब्याचा चुरा किती ते कळतं. आणि मशीनवर लोन असेल तर फायनान्सवाल्याची एनओसी हातात पडल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका.