करार कायदा कसाबसा सुटला. आता मालमत्ता आणि कंपनी कायद्याचा अभ्यास कसा करू? पाठ केलेलं टिकतच नाही

तुम्ही लिहिलंय की पदवी कला शाखेची, तीही मराठी माध्यमातून, आता तीन वर्षांच्या एलएल.बी.ला आहात. कलमं पाठ करता आणि आठवड्यात उडून जातात. शिवाय "कंपनी कायद्याचा आपल्यासारख्यांना उपयोग काय" हेही विचारलंय. त्याच्याकडे शेवटी येते.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात वकिली करते. मालमत्ता कायद्यात माझी एटीकेटी होती आणि आज माझी चूल बरीचशी त्याच कायद्यावर पेटते. तेव्हा मी तीन विषयांच्या तीन वह्या केल्या होत्या, तीन रंगांची कव्हरं घालून. करार संपला की ती वही कपाटात. सगळी गडबड तिथेच झाली.

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ उघडा आणि कलम ४ वाचा. वर्गात ते कुणी शिकवत नाही, पेपरात येत नाही. त्यात लिहिलंय की या कायद्यातली करारासंबंधीची प्रकरणं आणि कलमं १८७२च्या करार कायद्याचाच भाग समजावीत. म्हणजे कायदा स्वतःच सांगतोय की माझी वही वेगळी करू नका. मग कलम ७ बघा: मालमत्ता कोण हस्तांतरित करू शकतो? जो करार करायला सक्षम आहे तो. सक्षम कोण, याचं उत्तर करार कायद्याच्या कलम ११ मध्ये. आणि कंपनी कायदा, २०१३ चं कलम ९ काय म्हणतं? नोंदणी झाल्या दिवसापासून कंपनी स्वतःच्या नावानं मालमत्ता घेऊ, बाळगू, विकू शकते, करार करू शकते, दावा लावू शकते आणि तिच्यावर दावा लावता येतो. तिन्ही पेपर त्या एका वाक्यात बसलेत. माझं उत्तर खरं तर एवढंच आहे की हे सांधे शोधा. एक कलम दुसऱ्याला जिथे हाक मारतं ती जागा एकदा दिसली की पाठ करावं लागत नाही.

आता मोहोरी बीबीचा खटला घ्या. प्रिव्ही कौन्सिल (इंग्रजांच्या काळातलं शेवटचं अपील कोर्ट), १९०३. करार कायद्यात सगळ्यांनी घोकलेला: अज्ञानानं, म्हणजे अठरा वर्षांखालच्यानं, केलेला करार व्हॉइड (मुळातच रद्दबातल), व्हॉइडेबल (रद्द करून मागितला तरच रद्द) नव्हे. (मोहोरी बीबी ही अज्ञान मुलगी होती असं मी वर्षभर समजत होते. अज्ञान होता धर्मोदास घोष. मोहोरी बीबी सावकाराच्या बाजूची, त्याच्या पश्चात अपील चालवणारी.) पण भांडण कशावरून होतं? गहाणखतावरून. कलकत्त्यातली घरं वीस हजार रुपयांना गहाण टाकली होती, आणि मुलगा अज्ञान आहे हे सावकाराच्या माणसाला माहीत होतं. म्हणजे हा मालमत्तेचाही खटला झाला.

आता घरचा सातबारा काढा. एखाद्या नावापुढे 'अ.पा.क.' दिसेल, म्हणजे अज्ञान पालनकर्ता. पोराच्या नावावर जमीन असू शकते, कारण अज्ञानाला मालमत्ता घेता येते. द्यायला मात्र तो सक्षम नाही. आणि हिंदू बापानंही अज्ञान मुलाची जमीन जिल्हा न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकली, तर मुलगा तो व्यवहार रद्द करून मागू शकतो, कारण तिथे १९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम ८ आडवं येतं. बघा, मुलानं स्वतः केलेला व्यवहार व्हॉइड आणि बापानं परवानगी न घेता केलेला व्हॉइडेबल. हा फरक मला पुस्तकातून कधी कळला नव्हता. माझ्या आत्याच्या सातबारावरून कळला.

सातबाऱ्याचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव लागलं की माणूस स्वतःला मालक समजतो. जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे ती नोंद खरी असल्याचं गृहीत धरतात, पण विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. फेरफारानं, म्हणजे महसूल दप्तरात नाव बदलल्याच्या नोंदीनं, मालकी मिळत नाही. मालकी मिळते खरेदीखतानं, वारशानं, बक्षीसपत्रानं, वाटपानं. परीक्षेत एखाद्या प्रश्नात 'अ चं नाव महसूल दप्तरी लागले' असं आलं तर थांबा, तो सापळा असतो.

साठेखतावर, म्हणजे पुढे विकून देण्याच्या करारावर, मात्र जरा जास्त बोलते, कारण माझा पेपर तिथेच गेला होता आणि माझ्या चुलत्यांचे पैसेही. चुलत्यांनी गावाबाहेर एक प्लॉट घेतला. म्हणजे त्यांच्या मते घेतला. स्टॅम्पपेपरवर साठेखत झालं, निम्म्याहून जास्त रक्कम दिली, वास्तुशांतीचा मुहूर्तही काढून ठेवला. लिहून देणाऱ्यानं पुढे तोच प्लॉट दुसऱ्याला रजिस्टर खरेदीखतानं विकला. चुलते म्हणायचे, "माझा कागद आधीचा आहे." मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ची पहिली ओळ मला तोंडपाठ होती, विक्री म्हणजे किमतीच्या मोबदल्यात मालकीचं हस्तांतरण. शेवटची ओळ मी कधी वाचलीच नव्हती. तिथे स्पष्ट लिहिलंय की विक्रीच्या करारानं त्या मालमत्तेत कसलाही हितसंबंध किंवा बोजा आपोआप निर्माण होत नाही.

करार कायदा आणि मालमत्ता कायदा यांतला सगळा फरक त्या ओळीत आहे. साठेखतानं चुलत्यांना हक्क मिळाला तो त्या एका माणसाविरुद्ध, की दिलेला शब्द पाळ. खरेदीखतानं दुसऱ्याला मिळाला तो साऱ्या जगाविरुद्ध. मग चुलते अगदीच उघडे पडले का? नाही. इथे विशिष्ट अनुतोष कायदा, १९६३ येतो: करार पुरा करून द्या असा दावा नंतरच्या खरेदीदाराविरुद्धही चालतो, फक्त त्यानं प्रामाणिकपणे, आधीच्या कराराची माहिती नसताना पैसे मोजले असतील तर तो सुटतो. आणि २०१८च्या दुरुस्तीनं कोर्टाचा पूर्वीचा स्वेच्छाधिकार बराच आखडला. चुलत्यांचं प्रकरण शेवटी तडजोडीत मिटलं, मुद्दल मिळालं, व्याजावर पाणी सोडलं. मला तेवढं कलम ५४ मिळालं.

पुस्तकं बहुतेक साऱ्या देशासाठी लिहिलेली असतात, त्यामुळे आपल्या राज्यातली वळणं त्यात सुटतात. भाडेपट्ट्याचंच बघा. पुस्तक सांगेल की एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा रजिस्टर करावा लागतो, म्हणून लोक अकरा महिन्यांचा करतात. महाराष्ट्रात हे उत्तर अपुरं आहे. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा, मग तो अकरा महिन्यांचा का असेना, आणि जबाबदारी घरमालकाची. तुम्ही पुण्यात कॉट बेसिसवर नाही, चौघींनी मिळून फ्लॅट घेऊन राहत असाल, तर तुमच्याच कपाटात तो करार असेल. त्यात 'ताबा' हा शब्द कसा टाळलाय आणि 'वापराची परवानगी' कशी घुसवलीय ते वाचा. भाडेपट्टा म्हणजे मालमत्तेतला हक्क. लायसन्स म्हणजे नुसती मुभा, आणि त्याची व्याख्या मालमत्ता कायद्यात नाहीच, सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे. शिक्षकांनी नोट्समध्ये या दोघांचे आठ फरक दिले असतील. सहा विसरलात तरी चालेल.

आता निकाल कसे वाचायचे. सारांशाच्या चार ओळी पाठ करू नका. एक तरी निकाल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा, आणि माझं ऐकाल तर तो भगवानदास केडियाचा वाचा. सर्वोच्च न्यायालय, १९६५. १९५९च्या जुलैत अहमदाबादच्या व्यापाऱ्यानं आपल्या खामगावला ट्रंककॉल लावला. सौदा होता सरकीच्या पेंडेचा. खामगाववाल्यानं फोनवर होकार दिला, माल काही आला नाही. दावा अहमदाबादेत लागला. खामगाववाला म्हणाला, मी 'हो' इथे बोललो, म्हणजे करार इथे झाला, तुमच्या कोर्टाला अधिकारच नाही. करार कायद्याचं कलम ४ वाचलंत तर तो बरोबर वाटतो: स्वीकृती स्वीकारणाऱ्याच्या हातून सुटली की प्रस्ताव देणारा बांधला गेला, पत्र पेटीत पडलं की झालं. बहुमतानं म्हटलं की टपालाचा नियम फोनला लावायचा नाही, फोन म्हणजे समोरासमोर बोलल्यासारखंच. 'हो' जिथे ऐकू आलं तिथे करार. म्हणजे अहमदाबाद.

पण तिसरे न्यायमूर्ती हिदायतुल्ला वेगळं म्हणाले. कायद्याचे शब्द आहेत तसे वाचले तर ते फोनलाही लागू पडतात, आणि शब्द जुने झाले म्हणून कोर्टानं ते बाजूला सारू नयेत. मला अजूनही त्यांचं म्हणणं जास्त पटतं. तुम्हाला कुणाचं पटतं ते ठरवा आणि का ते अर्ध्या पानात लिहा, मराठीत. मग तेच इंग्रजीत. कलम ४ पुन्हा विसरणार नाही. इंग्रजीची भीती जायलाही मला याचाच उपयोग झाला.

बेअर ॲक्ट (टीपांशिवाय नुसती कलमं छापलेलं पुस्तक) विकत घ्या, नवा घ्या, आणि त्यावर पेन्सिलीनं लिहा. करार कायद्याचा घेतलात की तुम्हाला वाटेल पानं गळाली आहेत, कारण कलम ७५ नंतर एकदम १२४ येतं. मी दुकानात परत करायला गेले होते. दुकानदारानं माझ्याकडे असं काही पाहिलं की अजून आठवतं. मधली कलमं मालविक्रीची होती, ती १९३० साली स्वतंत्र कायदा करून बाहेर काढली; तसंच शेवटची भागीदारीची, ती १९३२ साली. कायदा एकत्र कुटुंबासारखा होता, मग मुलं वेगळी निघाली, असं समजा. सिनियरच्या नोट्सच्या बाबतीतही सांभाळून. त्यात कंपनी कायद्यातल्या अन्याय आणि गैरव्यवस्थापनाला ३९७-३९८ असे आकडे दिसले तर त्या १९५६च्या जुन्या कंपनी कायद्यावरच्या नोट्स आहेत. आता ते २४१-२४२ आहे.

राहिला कंपनी कायदा. चारशे सत्तर कलमं बघून मलाही धडकी भरली होती. तुम्ही उसाच्या पट्ट्यातल्या असाल तर एक करा. घरातला कुणी कारखान्याचा सभासद असेल, त्याला विचारा, "कारखाना कुणाचा?" तो छाती ठोकून म्हणेल, "आमचा!" आता बाचा गझदार या बाईंच्या खटल्याचा निकाल वाचा, सर्वोच्च न्यायालयाचा, १९५५च्या रिपोर्टातला. चहाच्या कंपनीचं साठ टक्के उत्पन्न शेतीचं धरून करातून सुटायचं. या बाई भागधारक. त्या म्हणाल्या, मग माझ्या लाभांशातलेही साठ टक्के शेतीचंच उत्पन्न. कोर्ट म्हणालं, नाही. मळे कंपनीचे. भागधारकाचा कंपनीच्या मालमत्तेवर मालकीहक्क नाही. त्याला हक्क आहे तो जाहीर झालेल्या लाभांशावर, आणि कंपनी गुंडाळलीच तर उरलेल्यात वाट्यावर. सहकारी कारखाना कंपनी कायद्याखाली येत नाही, तो १९६०च्या सहकारी संस्था कायद्याखाली येतो, पण तोही सभासदांहून वेगळी कायदेशीर व्यक्तीच. सभासदाला गोदामातून साखरेचं पोतं 'माझंच आहे' म्हणून उचलता येणार नाही. उचललं तर प्रकरण फौजदारी बाजूला जाईल. हे सभासदाला समजावून सांगता आलं की सालोमनचा १८९७चा खटला (कंपनी वेगळी, भागधारक वेगळा असं ठरवणारा) अर्ध्या तासात कळतो.

बाकी कंपनी कायद्यात आधी कलम ९, मग मेमोरँडम (कंपनीची घटना) आणि आर्टिकल्स (तिच्या कारभाराचे नियम), मग संचालकांची कर्तव्यं (कलम १६६), मग २४१-२४२, एवढं घट्ट करा. संचालकांकडे जाण्याआधी करार कायद्यातलं एजन्सीचं प्रकरण पुन्हा वाचा, कलम १८२ पासून. कंपनीला हातपाय नाहीत, तिच्या वतीनं सही कोण करतो हा मुळात एजंटाचाच प्रश्न आहे. भागभांडवलाचे प्रकार मला आजही कंटाळवाणे वाटतात, परीक्षेपुरते करा. आणि उपयोगाचं विचाराल तर, माझ्याकडे गेल्या काही वर्षांत तालुक्यातल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक यायला लागलेत. त्यांतल्या निम्म्यांना आपण संचालक आहोत म्हणजे काय हे माहीत नसतं.

पेपरात उत्तराची सुरुवात व्याख्येनं करायची सवय सोडा. समस्येवरचा प्रश्न असेल तर पहिल्या दोन ओळींत लिहा की भांडण नेमकं कशाचं आहे, कोण कुणाकडे काय मागतोय. मग कलम, मग निकाल. कलमाचा आकडा आठवला नाही तर चुकीचा टाकू नका, शब्द लिहा.

आणि हो, अभ्यासासाठी म्हणून घरातले कागद काढालच, तर एखादं साठेखत सापडल्यास त्यावरची खरेदीखत करून देण्याची तारीख आधी बघा. दाव्याची मुदत त्या तारखेपासून तीन वर्षं असते. तारीखच घातली नसेल तर समोरच्यानं नकार दिल्याचं कळल्यापासून. मुदत सरत आली असेल तर अभ्यास राहू द्या आणि ते साठेखत घेऊन आधी गावातल्या वकिलाकडे जा.