कधीच कुठला खेळ खेळलो नाही, तरी स्पोर्ट्स मॅनेजमेंटमध्ये मास्टर्स केलं तर चालेल का? पहिलं सेमिस्टर कसं असतं?

चालेल. तुम्ही बी.कॉम. आहात म्हणताय, म्हणजे पहिल्या सेमिस्टरला माझ्यापेक्षा सुखात असाल. बजेट, अकाउंट्स आणि एक्सेल यांतच बराच वेळ जातो. पण प्रश्नाखाली तुम्ही आणखी एक ओळ लिहिली आहे: "खेळाडूंना बिझनेस कळत नाही असं ऐकलंय, म्हणजे मला उलट फायदाच ना?" मी लिहायला बसले ती या ओळीमुळे. हे वाक्य मी वर्गात ऐकलंय आणि ते साफ चुकीचं आहे.

मी सांगली जिल्ह्यातली. शाळेपासून खो-खो, विद्यापीठाच्या संघापर्यंत खेळले. मुंबईला शिकायला आले तेव्हा वर्गातली बहुतेक मुलं क्रिकेटवाली, नाहीतर युरोपातल्या फुटबॉलवाली. पहिल्या तासाला विषयाचा इतिहास सांगितला. १९५७ मध्ये ब्रुकलिन डॉजर्स या बेसबॉल संघाचे मालक वॉल्टर ओमॅली यांनी जेम्स मेसन या प्राध्यापकांना विचारलं, की खेळाचा कारभार सांभाळणारी माणसं तयार करणारा अभ्यासक्रम का असू नये? त्यातून १९६६ ला ओहायो विद्यापीठात पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम निघाला. त्यानंतरची स्लाइड थेट २००८, आयपीएल. मधे काहीच नाही. १९५२ ला खाशाबा जाधवांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी लोकांनी वर्गणी काढली, राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं, हे त्या इतिहासात नव्हतं. खेळाडूसाठी पैसा उभा करणं हा या विषयाचा गाभा नाही, तर दुसरं काय आहे?

मग पहिली मोठी असाइनमेंट आली: एका स्पर्धेचं बजेट आणि स्पॉन्सरशिपचा प्रस्ताव. इतरांनी लीगचे संघ घेतले. मी आमच्या मंडळाची निमंत्रितांची खो-खो स्पर्धा घेतली, कारण तिचा हिशेब मी शाळेत असल्यापासून बघत आले होते. मॅटचं भाडं, फ्लडलाइट, जनरेटर, पंच आणि गुणलेखकांचं मानधन, बाहेरगावच्या संघांची शाळेच्या वर्गांत राहायची सोय, दोन वेळचं जेवण, अॅम्ब्युलन्स, ढाल. जमेच्या बाजूला स्मरणिकेच्या जाहिराती, पतसंस्था, सराफ, कुपवाड एमआयडीसीतले दोन कारखानदार.

परीक्षक म्हणून उद्योगातले एक गृहस्थ आले होते. ते म्हणाले, "ही वर्गणी आहे, स्पॉन्सरशिप नाही. देणाऱ्याला परतावा काय? हे समाजकार्य झालं." पुढे म्हणाले, "खेळाडूंचं असंच होतं, मन गुंततं आणि बिझनेस राहून जातो."

मी तिथेच उभं राहून उत्तर दिलं. स्मरणिकेचं मागचं पान, आतलं रंगीत पान, अर्धं पान, यांचे दर वेगवेगळे असतात आणि मागच्या पानासाठी दोन दुकानदारांत चुरस असते. हे रेट कार्डच आहे. उत्कृष्ट संरक्षक, उत्कृष्ट आक्रमक, अष्टपैलू ही बक्षिसं कुणाच्या ना कुणाच्या स्मरणार्थ असतात, ते कुटुंब दरवर्षी बक्षीस द्यायला मैदानात येतं. तुम्ही ज्याला नेमिंग राइट्स, म्हणजे पैसे देऊन नाव लावायचा हक्क म्हणता, ते हेच. दोन डावांच्या मधल्या वेळेत निवेदक देणगीदारांची नावं कोणत्या क्रमानं घेतो यावरून आमच्याकडे रुसवे होतात. परतावा नसता तर कोण रुसलं असतं? वर्गात कुणी काही बोललं नाही आणि मला गुण कमीच मिळाले. आमच्या सरांनी आणि मंडळाच्या लोकांनी कॉलेजचं तोंड न बघता ज्या स्पर्धा उभ्या केल्या, त्याला कुणी समाजकार्य म्हणून बाजूला सारलं की मला आजही राग येतो.

पण कॉलेजनं काहीच दिलं नाही असं नाही. त्याच सेमिस्टरला कायद्याच्या तासाला कळलं, की २०१३ च्या कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात ग्रामीण खेळांचं प्रशिक्षण हे सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांनी समाजासाठी करायच्या खर्चाचं, काम म्हणून मान्य आहे. मात्र स्वतःची जाहिरात व्हावी म्हणून दिलेली स्पॉन्सरशिप सीएसआरमध्ये धरता येत नाही. म्हणजे मुलींच्या सरावासाठी मॅट मागायची ती सीएसआरमधून, आणि स्पर्धेचा फलक लावायचा तो कंपनीच्या जाहिरातीच्या पैशातून. दोन वेगळे अर्ज, कंपनीत भेटायची माणसंही वेगळी. मंडळात हे कुणालाच माहीत नव्हतं. मी सुट्टीत घरी गेले तेव्हा सरांबरोबर बसून दोन्ही अर्ज लिहिले.

अल्टिमेट खो-खो या व्यावसायिक लीगचा पहिला हंगाम २०२२ ला पुण्यात बालेवाडीला झाला, सगळे संघ एकाच ठिकाणी. सात मिनिटांची पाळी, पाठलाग करताना दोन्ही दिशांना पळू शकणारा वजीर हा खास खेळाडू. जुने खेळाडू नाक मुरडत होते. मला ते पटलं नाही. टीव्हीसाठी खेळ आटोपशीर करायचा, सगळे सामने एकाच मैदानावर घेऊन प्रवास आणि कॅमेऱ्यांचा खर्च वाचवायचा, हे गणित मला सेमिस्टरमुळे दिसलं. पण वजीर केव्हा सुटला तर सामना फिरतो, हे ज्याला कळत नाही त्यानं त्या लीगचं मार्केटिंग करू नये. दोन्ही लागतं.

आता तुमचा प्रश्न. पहिल्या सेमिस्टरला वर्गाबरोबर मॅच-डेची कामं मिळतात: पास वाटणं, पाहुण्यांना जागेवर नेणं, प्रवेशद्वारावर उभं राहणं. मैदानाकडे पाठ करून उभं राहावं लागतं, सामना बघायला मिळत नाही. मला सुरुवातीला प्रवासखर्च आणि जेवण, एवढंच मिळालं. फक्त चाहते असलेली मुलं इथेच गळतात.

खेळला नाहीत ही अडचण नाही. खेळाडूंना कळत नाही असं मनात धरून जाणार असाल तर मात्र जाऊ नका. अॅडमिशन घेण्याआधी जवळच्या एखाद्या कबड्डी किंवा खो-खो मंडळात जा आणि एका स्पर्धेची पावतीपुस्तकं सांभाळा. जाहिरात मागायला दुकानांत फिरा. जमलं आणि आवडलं, तर फी भरा.

मी एकाच कॉलेजात शिकले, तेव्हा सगळीकडे असंच असेल असं समजू नका. परदेशात जाणार असाल तर तिथल्या मुलांना विचारा. आणि कर्ज काढून जाणार असाल तर आधीच्या बॅचमधली किती जणं आज खेळाच्याच क्षेत्रात आहेत, हे कॉलेजला नव्हे, त्या मुलांना फोन करून विचारा.