देश ठरवण्याआधी पदवीची रचना बघ

परदेशात पदवीला जायचंय ना, मग विद्यापीठाचं नाव जरा बाजूला ठेव. इंग्लंडमध्ये बॅचलर्स साधारण 3 वर्षांची, पण बहुतेक कोर्सना पहिल्या दिवसापासून एकच विषय. स्कॉटलंडमध्ये 4 वर्षं, आणि सुरुवातीला बरेचदा एकाहून जास्त विषय घेता येतात. अमेरिकेतही 4, आणि मेजर (म्हणजे मुख्य विषय) बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत ठरवता येतो. तुझं मन अजून भौतिकशास्त्र की अर्थशास्त्र यात घुटमळतंय, म्हणून मी तरी अमेरिका किंवा स्कॉटलंडच सुचवेन. इंग्लंडमध्ये मध्येच विषय बदलला तर बरेचदा पुन्हा पहिलं वर्ष. माझ्या रूममेटचं असंच वर्ष गेलं, फी गेली ती वेगळीच. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, पण बॅचलर्स मुख्यतः जर्मनमधून. आणि हो, प्रत्येक कोर्सची मॉड्यूल्सची (म्हणजे त्यात शिकायच्या छोट्या विषयांची) यादी शेवटच्या वर्षापर्यंत नीट वाच, अर्ज त्यानंतरच भर.