यादृच्छिक म्हणजे 'मनाला येईल तसं'? अजिबात नाही!

ताई, तुमच्या लेकीच्या दहावीच्या गणितात संभाव्यतेच्या धड्यात 'यादृच्छिक प्रयोग' असा शब्द आहे, आणि क्लासच्या सरांनी त्याची यत् + इच्छा अशी फोड करून 'आपल्या मनाला येईल तसा केलेला प्रयोग' असं वहीत लिहून दिलंय. हे बरोबर का, असं तुम्ही विचारलंय, आणि पुढे संभाव्यता आणि शक्यता यात फरक काय हेही.

चूक आहे. साफ चूक, आणि मी हे इतक्यांच्या तोंडून ऐकलंय की आता राहवत नाही म्हणून जरा लांब लिहितोय. यत् आणि इच्छा जोडून बघा, यदिच्छा होईल, मग 'दृ' मधला ऋ आला कुठून? इ चा ऋ करणारा कुठलाही संधी नाही. शब्द आहे यद् + ऋच्छा. ऋ हा धातू, अर्थ जाणं, येऊन पोचणं. गम् चं गच्छति होतं, यम् चं यच्छति, तसं ऋ चं ऋच्छति. म्हणजे यदृच्छा म्हणजे जे आपसूक येऊन ठाकतं ते. आता इष् चंही इच्छति होतं, शेवटी तोच च्छ, म्हणून कान फसतो. त्यात हिंदीत ऋ चा उच्चार रि करतात, यद्रिच्छा, की झालीच इच्छा तयार! माझा ठाम अंदाज आहे की ही फोड आपल्याकडे हिंदी व्हिडिओंवरून आलीय, कारण आपण मराठीत रु म्हणतो, यद्रुच्छा, त्यात इच्छा ऐकू येतच नाही.

आणि गीता उघडा ना. दुसऱ्या अध्यायात, ३२ वा श्लोक, 'यदृच्छया चोपपन्नं स्वर्गद्वारमपावृतम्'. हे युद्ध यदृच्छेने समोर आलंय असं कृष्ण कोणाला सांगतोय? ज्याला युद्ध नकोच आहे, धनुष्य टाकून बसलाय, त्या अर्जुनाला. इथे इच्छा घातली तर श्लोकाचा अर्थच जातो. याच्यातली खरी गंमत पुढे आहे, 'उपपन्न' मध्ये पद् धातू आहे, आणि लेकीच्या पुस्तकात प्रयोगातून जे मिळतं त्याला काय म्हणतात? निष्पत्ती. तोही पद्! 'यादृच्छिक प्रयोगाची निष्पत्ती' या तीन शब्दांतल्या दोघांची मुळं गीतेच्या एका ओळीत शेजारी शेजारी बसलीत, आणि मुलांना हे कोणी सांगत नाही. श्वेताश्वतर उपनिषदात तर जगाचं कारण काय असावं याची यादीच आहे, काळ, स्वभाव, नियती, यदृच्छा. नियतीला लागून यदृच्छा, म्हणजे ठरलेलं आणि नुसतंच घडलेलं.

यावर कोणीतरी आपट्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश काढेल हे माहितीय. १८९० च्या त्या कोशात पहिला अर्थ स्वेच्छेने वागणं असा दिलाय आणि योगायोग दुसरा. मला हा क्रम मान्य नाही, मोनियर विल्यम्सनेही त्याच्या संस्कृत-इंग्रजी कोशात तोच क्रम ठेवलाय म्हणून तो बरोबर होत नाही. हे दोघं ज्याच्या बळावर असं म्हणू शकतात तो अमरकोश, म्हणजे अमरसिंहाचा जुना संस्कृत समानार्थी शब्दांचा कोश, 'यदृच्छा स्वैरिता' म्हणतो, कबूल, पण स्वैर म्हणजे काय ते तरी बघा! स्व + ईर, ईर् म्हणजे हलणं, चालणं. साध्या संधीने स्वेर व्हायला हवं होतं, तिथे स्वैर होतं म्हणून वार्तिककारांना, म्हणजे पाणिनीच्या व्याकरणसूत्रांना पुरवणी नियम जोडणाऱ्यांना, खास वार्तिक करावं लागलं. तर स्वैर म्हणजे आपलं आपण चालणारं, कोणी न ढकलता. मनमानी हा अर्थ नंतर चिकटला असणार असं माझं मत, आणि तो चिकटलेला अर्थ लोकांनी उलटा अमराच्या गळ्यात घातला.

हा नुसता शब्दांचा कीस नाही, गणित चुकतं यानं. शिक्षक म्हणतात 'कुठलेही पाच जण रँडमली उभे राहा' आणि पुढच्या बाकावरचे हुशार उठतात, ही झाली यथेच्छ निवड. परवा पुतण्याला सांगितलं, नाणं न उडवता २० वेळांचे निकाल मनाने लिही. त्याने छापा काटा काटा छापा काटा छापा छापा असं नीट वाटून लिहिलं, सलग तीन सारखे एकदाच, चार कुठेच नाहीत. मग खरं नाणं उडवलं तर सातव्यापासून ओळीने पाच काटे! तो म्हणाला काका नाणं खराब आहे. नाणं चांगलंच होतं, २० वेळा उडवलं तर कुठेतरी सलग चार किंवा जास्त सारखे येण्याची संभाव्यता ०.७७ च्या आसपास आहे. मन समतोल करत बसतं, नाणं करत नाही. म्हणूनच पुस्तकात 'पिसलेल्या ५२ पत्त्यांच्या कॅटमधून' असं लिहितात, ते पिसणं म्हणजेच आपली इच्छा पत्त्यांतून काढून टाकणं.

आणि आपल्याकडे यासाठी किती सुरेख शब्द आहे, सोडत! घरांची सोडत, शाळाप्रवेशाची सोडत. मला त्यात सरळ सोडणं दिसतं, चिठ्ठी हातातून सोडली की आपला अधिकार संपला. मुलांना आधी सोडत सांगा, मग यादृच्छिक आपोआप कळेल.

शक्यतेचं राहिलंच. दाट शक्यता असते, दाट संभाव्यता कोणी म्हणत नाही, कारण संभाव्यता ही ० ते १ मधली संख्या आहे. फाशावर ६ पडण्याची शक्यता आहे, त्याची संभाव्यता १/६. आणि वहीतली ती फोड खोडून घ्या आधी.